पोटात बाळ आणि कानाला दडे

परवा कळव्याहून एक जण आली. आठवा महिना, काखेत फाइल, सोबत सासूबाई. खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, माझाच आवाज माझ्या डोक्यात घुमतोय. बोलले की विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. श्वास घेतला तरी कानात फुस्स-फुस्स होतं." तीन आठवडे हे चाललं होतं. घरी आधी वाफारा झाला, मग मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आले, मग कोमट तेल. थेंबांनी त्रास वाढला. "सगळे म्हणतात, दिवसांत असतानाच होतं असं. पण मी आडवी झाले की बंद होतं. ते का?"

मी ठाण्यात नौपाड्यात ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते मोजते. औषधं देणं हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं काम. पण तिच्या त्या शेवटच्या प्रश्नात निम्मं निदान होतं. तिला डाव्या कुशीवर आडवं केलं आणि मोठ्याने आकडे मोजायला सांगितलं. वीस-बावीसपर्यंत पोचली आणि थांबली. "गेला." उठून बसली, मिनिटभरात आवाज परत.

"होतं असं" हे वाक्य खोटं नाही. गरोदरपणात कानाच्या बहुतेक तक्रारी तात्पुरत्या असतात आणि बाळंतपणानंतर आपोआप जातात. पण काय होतं, कुठे होतं आणि त्यातलं कशाला थांबून चालत नाही, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. म्हणून हा लेख.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक इवलीशी खोली असते. तिथून घशाच्या मागच्या बाजूला, नाकाच्या अगदी पाठीमागे उघडणारी एक नळी जाते, साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब. ही नळी एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा करते. खंडाळ्याचा घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते याच नळीमुळे.

गरोदरपणात ही नळी दोन अगदी उलट प्रकारांनी बिघडू शकते. पहिला प्रकार म्हणजे ती सुजून बंद राहणं. इस्ट्रोजेन वाढतं, अंगात रक्त वाढतं, त्याने नाकाच्या आतलं अस्तर फुगतं. सर्दी नसताना नाक चोंदलेलं राहतं, रात्री घोरणं सुरू होतं. तेच अस्तर नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं असल्यामुळे नळीही चोंदते. पडद्यामागची हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, कधी आत पाणी साठतं. कान भरल्यासारखा वाटतो आणि बाहेरचे आवाज दबलेले येतात.

दुसरा प्रकार कळव्याच्या ताईंचा. तिथे नळी बंद व्हायची विसरते आणि उघडीच राहते. एक कारण हार्मोन्सचं: त्यांनी अस्तराचा ओलावा आणि चिकटपणा बदलतो. दुसरं कारण वजनाचं: पहिल्या महिन्यांत उलट्यांनी वजन फार उतरलं असेल तर नळीभोवतीची चरबीची गादी पातळ होते आणि नळीला मिटायला आधार उरत नाही. मग स्वतःचा आवाज आणि श्वास घशातून थेट कानात शिरतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीतून पाहतात तेव्हा श्वासाबरोबर पडदा आत-बाहेर हलताना दिसतो. आडवं झालं की डोक्याकडच्या शिरा भरतात, नळीभोवतीचा भाग फुगतो आणि नळी मिटते. म्हणून आवाज थांबतो.

दोन्हींना बाई एकच शब्द वापरते, "दडा बसलाय". उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. चोंदलेल्या नळीला सूज उतरायला हवी. उघड्या नळीला सूज उतरवणारे थेंब दिले तर ती आणखी उघडते, आणि कळव्याला नेमकं तेच झालं होतं. शिवाय ते थेंब आणि तशा गोळ्या गरोदरपणात मनाने घ्यायच्याच नसतात, रक्तवाहिन्या आकसणं हाच त्यांचा मार्ग असतो. साधं मिठाच्या पाण्याचं नाकातलं सलाइन त्यातल्या त्यात निर्धोक. उघड्या नळीसाठी बहुतेकदा भरपूर पाणी पिणं, अधूनमधून आडवं होणं आणि "हे जाणार आहे" हे खात्रीने ऐकणं एवढंच पुरतं. तिसऱ्या गोष्टीला मी कमी लेखत नाही. आपलाच श्वास दिवसभर कानात ऐकणं फार थकवणारं असतं, आणि घरातल्यांना ते बाहेरून काहीच दिसत नाही.

आता नळीच्या पलीकडे, आतल्या कानात. तिथे शंखासारखी अडीच वेढ्यांची एक पोकळी आहे. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि साधारण 15,000 केसपेशी असतात. आवाजाची लाट द्रवात उठते, केसपेशी हलतात आणि त्या हालचालीची वीज होऊन मेंदूकडे जाते. या सगळ्याला लागणारी वीज तिथेच तयार होते: शंखाच्या भिंतीतली एक पट्टी पोटॅशियम आत ढकलत राहते आणि जवळपास 80 मिलिव्होल्टचा दाब कायम ठेवते. इवलीशी बॅटरीच म्हणा. ती चालते मीठ, पाणी आणि रक्तपुरवठा या तिघांच्या हिशोबावर.

गरोदरपणात नेमका हाच हिशोब बदलतो. नऊ महिन्यांत शरीरातलं पाणी 6 ते 8 लिटरने वाढतं. रक्त जवळपास निम्म्याने वाढतं, पण त्यातलं पाणी जास्त वाढत असल्यामुळे ते पातळ होतं. पाय सुजतात, अंगठी निघत नाही, चप्पल घट्ट होते. आतल्या कानातल्या द्रवावरही या बदलांचा ताण येतो असं मानलं जातं. शिवाय इस्ट्रोजेनला ओळखून घेणारे रेणू आतल्या कानाच्या पेशींवर सापडलेले आहेत, म्हणजे हे हार्मोन तिथे परकं नाही. टर्नर सिंड्रोम हा जन्मजात दोष असलेल्या मुलींच्या शरीरात इस्ट्रोजेन फार कमी तयार होतं आणि त्यांच्यात ऐकू कमी येण्याचं प्रमाण जास्त असतं, हाही त्याचाच एक पुरावा मानतात.

प्रत्यक्षात फरक किती पडतो? गरोदर बायकांचे ऑडिओग्राम, म्हणजे कोणता सूर किती ऐकू येतो त्याचे आलेख, काढून केलेल्या अभ्यासांत तिसऱ्या तिमाहीपर्यंत खालच्या सुरांचं, म्हणजे 500 हर्ट्झ आणि त्याखालच्या आवाजांचं ऐकणं थोडं उतरलेलं दिसलं आणि बाळंतपणानंतर पूर्ववत झालेलं दिसलं. फरक इतका लहान असतो की पुष्कळ जणींना तो जाणवतही नाही. जाणवला तर कान जड वाटतो, तंबोऱ्यासारखा एक खर्ज सतत मागे असल्यासारखं वाटतं. ज्यांना आधीपासून मेनियरचा त्रास आहे, म्हणजे चक्कर, कानात आवाज आणि कान भरणं असे झटके येतात, त्यांना सुरुवातीच्या महिन्यांत हे झटके वाढू शकतात. त्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा आजार सांगावा. मीठ आपल्या मनाने एकदम तोडू नये.

कान वाजणं ही मात्र फार सर्रास दिसणारी तक्रार. कोणाला शूं, कोणाला रातकिड्यासारखं, कोणाला नुसती गुणगुण. रात्री पंखा बंद असेल तर जास्त. यात वेगळा काढायचा तो ठोक्यांचा आवाज. नाडीच्या तालावर धप्-धप् किंवा हुश्श-हुश्श. हृदय दर मिनिटाला नेहमीपेक्षा 30 ते 50 टक्के जास्त रक्त ढकलत असतं आणि मेंदूकडे जाणारी मोठी धमनी मधल्या कानाला अगदी खेटून जाते. पाट भरून वाहायला लागला की खळखळ वाढते, तसंच हे. रक्त पातळ असेल, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असेल, तर खळखळ आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून ठोक्यांचा आवाज सांगणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारते, हिमोग्लोबिन कधी तपासलं? लोहाच्या गोळ्या खरंच पोटात जातायत की पर्समध्ये आहेत? पुष्कळ वेळा पर्समध्येच असतात, कारण त्यांनी मळमळतं. ते डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते.

दुसरा प्रश्न रक्तदाबाचा. 20 आठवड्यांनंतर दाब 140/90 किंवा त्याच्या वर गेला तर तो प्री-एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात दाब वाढून होणाऱ्या धोकादायक आजाराचा इशारा असू शकतो. नुसता कानात आवाज येतोय म्हणून घाबरायचं कारण नाही. पण सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तोंड-हात एकाएकी सुजले असतील किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखत असेल, तर कानाच्या डॉक्टरकडे येऊच नका. जिथे नाव घातलंय त्या प्रसूतिगृहात जा, त्याच दिवशी, रात्र असली तरी.

आता जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती गोष्ट. आपल्याकडे घराघरांत एखादी मावशी किंवा आत्या असते जिच्याबद्दल म्हणतात, "पहिल्या मुलानंतर तिचे कान गेले." दुसऱ्यानंतर आणखी गेले. कोणी म्हणतं सुईणीने नीट शेकलं नाही, कोणी म्हणतं बाळंतपणात डोक्याला रुमाल न बांधता हिंडली, वारा शिरला. दोष फिरून तिच्यावरच. यातल्या बऱ्याच जणींना ओटोस्क्लेरोसिस असण्याची शक्यता असते.

पडद्यामागच्या खोलीत तीन हाडांची साखळी आहे. शेवटचं हाड घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, सुमारे 3 मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यात लहान. ते पिस्टनसारखं आतबाहेर हलून आतल्या कानातला द्रव हलवतं. ओटोस्क्लेरोसिसमध्ये त्याच्या तळाशी नवं हाड साचत जातं आणि रिकीब जाम होते, पावसाळ्यात फुगून बसलेल्या खिडकीसारखी. हा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो, बहुतेक विशीपासून चाळिशीपर्यंत डोकं वर काढतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जवळपास दुपटीने आढळतो. म्हणजे मुलं होण्याच्या वयातच. त्यामुळे गरोदरपण हेच कारण, असं डॉक्टरही फार काळ मानत आले. एके काळी अशा बाईला पुढचं मूल होऊ देऊ नका असा सल्लाही मिळायचा. नंतर मुलं झालेल्या आणि न झालेल्या रुग्ण बायकांचं ऐकणं शेजारी ठेवून पाहिलं गेलं, तेव्हा त्यात फारसा फरक दिसला नाही. हार्मोन्सचा काहीच वाटा नाही असं आजही कोणी ठामपणे म्हणत नाही. पण "मूल झालं म्हणून कान गेले" हेही तितकंच कच्चं आहे. त्या मावशीचा दोष तर कुठल्याच बाजूने निघत नाही.

या आजाराची एक खूण फार विलक्षण आहे. अशा माणसाला शांत खोलीपेक्षा गोंगाटात जास्त चांगलं ऐकू येतं. 17व्या शतकात थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरांनी एका बाईची हकिगत लिहून ठेवली आहे. जवळ ढोल वाजत असेल तरच तिला बोलणं ऐकू यायचं, म्हणून तिच्या नवऱ्याने ढोल वाजवणारा नोकर ठेवला होता. माझ्याकडे येणाऱ्या बायका हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: "ट्रेनमध्ये मैत्रिणींचं सगळं कळतं, घरी आल्यावर ह्यांचं कळत नाही." घरचे त्याचा अर्थ लक्ष नाही असा काढतात. खरं कारण असं की गाडीच्या धडधडीत इतर सगळे आवाज चढवून बोलतात, आणि हिची रिकीब जाम असल्यामुळे ती खर्जातली धडधड हिला कमी छळते. दुसरी खूण म्हणजे या बायका हळू बोलतात, कारण स्वतःचा आवाज हाडांतून त्यांना मोठा ऐकू येतो. घराण्यात कोणाला तरुणपणीच ऐकू कमी आलं असेल आणि यातलं काही जुळत असेल, तर शक्यतो दिवस राहण्याआधीच एक ऑडिओग्राम काढून फाइलला लावून ठेवा. पुढे तुलना करायला तोच कामी येतो. श्रवणयंत्राने फार चांगला फायदा होतो. रिकिबीची शस्त्रक्रियाही आहे, 1956 साली अमेरिकेत जॉन शे यांनी पहिल्यांदा केली तेव्हापासून ती स्थिरावलेली आहे. तिला घाई नसते, बाळंतपणानंतर सावकाश करता येते.

जिथे घाई असते ती गोष्ट वेगळी. सकाळी उठलं आणि एका कानाने ऐकूच येईना. किंवा फोन कानाला लावला आणि समोरचा बोलतच नाहीये असं वाटलं, दुसऱ्या कानाला लावला तर बोलतोय. 72 तासांच्या आत असं ऐकू येणं एकदम उतरलं, तर ती आतल्या कानाची किंवा नसेची इजा असू शकते. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, त्याचा इथे संबंध असावा असं मानतात. हे क्वचित घडतं. पण घडतं तेव्हा मळ असेल, सर्दी असेल, बाळंतपणानंतर बघू, असं म्हणत हातातले दिवस निघून जातात. यावरचं औषध स्टेरॉइड, आणि त्याचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त, दोन आठवडे उलटले की झपाट्याने कमी. गोळ्या नको असतील तर पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन देता येतं, त्यामुळे बाळापर्यंत औषध फारसं जात नाही. तो निर्णय कानाच्या डॉक्टरांनी आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून घ्यायचा.

दडा आहे की नस, याचा एक साधा अंदाज घरी घेता येतो. ओठ मिटून "म्‌म्‌म्" असा लांब हुंकार द्या. बिघडलेल्या कानातच तो मोठा घुमला तर बहुधा अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. चांगल्या कानाकडे सरकला तर काळजीचं, त्याच दिवशी दाखवा. हुंकार ही तपासणी नव्हे, डॉक्टरकडे आज जायचं की उद्या एवढंच त्यातून कळतं. शंका असेल तर आजच जा.

तपासणीची भीती तर बिलकुल नको. ऑडिओमेट्री म्हणजे कानावर हेडफोन लावून बारीक आवाज ऐकले की बटण दाबायचं. टिम्पॅनोमेट्रीत कानात मऊ बोंडूक बसवून हवेचा हलका दाब देतात. एक्स-रे नाही, सुई नाही, बाळाला काही पोचत नाही. अर्ध्या तासात दोन्ही होतात.

तेलाचंही सांगते. सासूबाईंनी मला विचारलं, "आम्ही तर वर्षानुवर्षं घालत आलो, मग?" पडदा धड असेल तर कोमट तेलाने सहसा मोठं नुकसान होत नाही, पण नळीच्या त्रासावर त्याचा शून्य उपयोग, कारण ते पडद्याच्या पलीकडे जातच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र ते आत उतरून कान फुटतो. कापसाचे बोळे आणि डोक्याला रुमाल याने ऊब वाटत असेल तर बाळंतिणीने खुशाल बांधावं, फक्त बोळे घातल्यावर ऐकू कमी येतं हे विसरून घाबरू नये. बंद खोलीतल्या शेगडीच्या धुरीला मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. तो धूर आईचं नाक आणि नळी सुजवतो, बाळाच्या छातीत जातो आणि कोळशाच्या विषारी वायूचा धोका असतो तो वेगळाच.

औषधांमध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं कानाला इजा करू शकतात, आईच्याही आणि पोटातल्या बाळाच्याही. कोणत्याही कारणाने इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर आपण गरोदर आहोत हे आधी सांगा. दाबासाठी दिलेली कमी डोसची अ‍ॅस्पिरिन मात्र कान वाजतो म्हणून परस्पर बंद करू नका. कान वाजण्याचा तो परिणाम मोठ्या डोसचा.

आणि आवाजाबद्दल. पोटातल्या बाळाला साधारण 25व्या आठवड्याच्या सुमारास ऐकू यायला लागतं. आईच्या हृदयाचे ठोके, आतड्यांची गुडगुड आणि तिचं बोलणं त्याला पुरेसं असतं. पोटाला हेडफोन लावायची गरज नाही. दहीहंडीला आणि विसर्जनाला ठाण्यात जे स्पीकर लागतात त्यांच्यापासून मात्र लांब राहा. आई स्वतःच्या कानात बोळे घालू शकते, पण खर्जातला दणका पोटाच्या भिंतीतून थेट आत जातो.

कळव्याच्या ताईंचे दोन्ही कानांचे ऑडिओग्राम उत्तम आले, थेंब बंद केले, दाब आणि हिमोग्लोबिन फाइलमध्ये पाहून घेतलं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनीही आवाज उरला तर परत ये म्हणून सांगितलं आहे. तसं त्याआधीही यायचंच आहे, बाळाच्या ऐकण्याची तपासणी महिन्याच्या आत करायची असते. बाळ झोपलेलं असताना कानात छोटं बोंडूक ठेवून काही मिनिटांत ती होते. त्यात शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा त्याचा हिशोब आहे. प्रसूतिगृहात ही सोय नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करा, किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. बाळाला घेऊन जाल तेव्हा त्याच खुर्चीत स्वतःही बसा आणि आपलाही ऑडिओग्राम काढून घ्या.